आक्षेपालाही नेम हवा

दहा मीटर एअर रायफल या क्रीडाप्रकारात लक्ष्यपटाच्या मध्यावर असलेल्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटरांचे अंतर आणि उभ्याने धरलेली बंदूक! हा ठिपका एकदा नव्हे, साठ वेळा टिपायचा असतो. हाताचा कंप, श्वासाची लय, मनात डोकावलेला एखादा विचार, यांपैकी काहीही नेम चुकवू शकते. पक्ष्याच्या डोळ्याखेरीज दुसरे काही न दिसणाऱ्या अर्जुनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नेमबाजीच्या मैदानावर ती रोज नव्याने घडत असते.

एकाग्रतेच्या अशा या स्थानी शेजारचा काय घालून आला आहे, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटेल. प्रत्यक्षात तो गौण नाही. आपल्या वऱ्हाडातील अमरावती किंवा अकोल्यासारख्या शहराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. समजा, एक मध्यमवर्गीय पिता आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला नेमबाजी शिकवण्यासाठी दरमहा शुल्क भरतो आहे. छऱ्यांचे डबे, नेमबाजीचा जाड कोट, स्पर्धांसाठीचा प्रवास हा सारा खर्च तो पोटाला चिमटा घेऊन करतो. एके दिवशी मुलीच्या शेजारच्या जागेवर एक तरुण येऊन उभा राहतो. त्याच्या टी-शर्टवर स्त्रीजातीला उद्देशून दिलेली शिवी ठळक अक्षरांत छापलेली आहे. किंवा त्याच्या अर्ध्या विजारीवर गणपतीचे चित्र आहे. पित्याला ते खटकते, आणि ते खटकणे स्वाभाविकच आहे. तो त्या केंद्राचा ग्राहक आहे, मुलीचा पालक आहे आणि समाजाचा घटकही आहे. त्याने काय करावे?

त्याच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला, ‘आपल्याला काय करायचे आहे’ असे म्हणून मान खाली घालण्याचा. आपला मध्यमवर्ग बहुधा हाच मार्ग पत्करतो आणि घरी येऊन चहाच्या कपाबरोबर समाजाच्या अधःपतनावर चर्चा करतो. दुसरा मार्ग चार तरुण गोळा करून त्या मुलाला ‘धडा शिकवण्याचा’ किंवा केंद्राच्या काचा फोडण्याचा. आपल्यातील काही उत्साही मंडळींना हा मार्ग पराक्रमाचा वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसरा मार्ग तक्रारीचा. नेमका शब्द, नेमका नियम आणि नेमकी मागणी असलेली, स्वतःच्या नावाने आणि सहीने केलेली तक्रार. हा मार्ग सर्वांत कमी वापरला जातो आणि आजवरचा अनुभव पाहिला तर सर्वांत जास्त यश त्यालाच आले आहे.

नियम आधीच आहे

पुष्कळांना ठाऊक नसते, परंतु नेमबाजी या खेळाला पोशाखाचा स्वतःचा नियम आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमावलीत, सार्वजनिक क्रीडासोहळ्याला शोभेल असाच पोशाख करून मैदानावर येण्याची जबाबदारी खेळाडू, प्रशिक्षक आणि पदाधिकारी या सर्वांवर टाकली आहे. निळ्या जीन्स, लष्करी ठिपक्यांचे कापड, बिनबाह्यांचे टी-शर्ट, फाटक्या वा ठिगळे लावलेल्या विजारी आणि खेळाशी संबंध नसलेला किंवा अनुचित मजकूर छापलेले कपडे या साऱ्यांना तेथे मज्जाव आहे. अर्धी विजार गुडघ्याच्या मध्यापासून किती वर असावी, हेही सेंटिमीटरमध्ये सांगितलेले आहे. नेमबाजाच्या कोटाचे कापड अडीच मिलिमीटरहून जाड नसावे, बुटाचा तळ दहा मिलिमीटरहून जाड नसावा, इतका काटेकोरपणा या खेळात आहे. अंगावरच्या कापडाची जाडी मोजणारा खेळ त्या कापडावरील मजकुराकडे दुर्लक्ष करील, असे मानण्याचे कारण नाही.

धनुर्विद्येचेही असेच आहे. अमरावतीच्या मधुरा धामणगावकर हिने २०२५ च्या मे महिन्यात शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा साऱ्या वऱ्हाडाची मान उंचावली. ज्या स्पर्धेत तिने हे यश मिळवले, तेथेही जीन्स आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून उतरता येत नाही. लष्करी गणवेशाच्या बाबतीत तर आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाल्यानंतर, नागरिकांनी लष्करी धाटणीचे कपडे वापरू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत, असे आवाहन सैन्याने केले होते.

म्हणजे आपल्या त्या पित्याला आपल्या भावनांचा पाढा वाचण्याचीही गरज नाही. ‘माझ्या भावना दुखावल्या’ असे म्हणण्याऐवजी ‘आपल्याच खेळाचा हा नियम आपल्या केंद्रात पाळला जात नाही’ एवढे म्हणणे त्याला पुरेसे आहे. भावना व्यक्तीगणिक बदलतात आणि समोरचा त्यांच्यावर वाद घालू शकतो. नियमावर वाद घालता येत नाही.

तेहरानला न गेलेली हिना

नेमबाजीच्या मैदानावरील पोशाखाला आक्षेप कसा घ्यावा, याचा वस्तुपाठ एका भारतीय कन्येने घालून दिला आहे. हिना सिद्धू ही मूळची पंजाबची. व्यवसायाने दंतवैद्य आणि विवाहानंतर मुंबईकर. २०१३ मध्ये म्युनिक येथील विश्वचषक अंतिम स्पर्धेत दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले आणि २०१४ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचली. डिसेंबर २०१६ मध्ये इराणची राजधानी तेहरान येथे आशियाई एअरगन स्पर्धा होती. तेथे महिला स्पर्धकांना डोके झाकणे सक्तीचे होते. हिनाने राष्ट्रीय संघटनेला आधीच कळवून स्पर्धेतून माघार घेतली.

तिने काय केले याइतकेच तिने काय केले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. तिने इराणी जनतेला दूषणे दिली नाहीत, कोणाच्या धर्माची टवाळी केली नाही, कोणाचा पुतळा जाळला नाही. श्रद्धेचा मी आदर करते, परंतु पाहुण्या खेळाडूवर एखादा धार्मिक पोशाख लादणे खेळाच्या भावनेत बसत नाही, एवढाच तिच्या म्हणण्याचा आशय होता. या निर्णयाची किंमतही तिने स्वतःच मोजली. एका आशियाई स्पर्धेची संधी तिने सोडली. पुढे २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकून, माघार हा दुबळेपणा नव्हता, हेही तिने दाखवून दिले.

त्याच २०१८ साली पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन हिने हाच मार्ग अनुसरला. बुद्धिबळातील महिला ग्रँडमास्टर असलेली आणि २००९ मध्ये मुलींची कनिष्ठ विश्वविजेती ठरलेली ही खेळाडू. आशियाई सांघिक स्पर्धा प्रथम बांगलादेशात व्हायची होती, ती नंतर इराणमधील हमादान येथे हलवण्यात आली. डोक्यावर रुमाल बांधण्याची सक्ती माझ्या विचारस्वातंत्र्यावर आणि धर्मस्वातंत्र्यावर घाला घालते, अशी भूमिका मांडून सौम्याने संघातून आपले नाव मागे घेतले. ही सक्ती किती जीवघेणी ठरू शकते, हे सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतील मृत्यूने जगाला दिसले. त्यानंतर इराणच्याच सहस्रावधी भगिनी रस्त्यावर उतरल्या. हिना आणि सौम्या यांनी जे म्हटले होते, तेच त्या आपल्या प्राणांचे मोल देऊन म्हणत होत्या.

येथे एक भेद मनात पक्का असावा. जी खेळाडू स्वतःच्या इच्छेने डोके झाकते, तिच्याविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कतारची बहिया अल-हमाद डोके झाकूनच एअर रायफल स्पर्धेत उतरली, आणि तिच्या देशाचा ध्वजही तिच्याच हाती होता. तिला कोणी अडवले नाही, अडवूही नये. हिनाचा आक्षेप एखाद्या वस्त्राला नव्हता, सक्तीला होता. तिच्या तक्रारीचा नेम अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर होता आणि म्हणूनच तो लागला.

आक्षेपार्ह कशाला म्हणावे?

हिनाचे कौतुक करणाऱ्या आपणा सर्वांवर याच घटनेतून एक जबाबदारी येते. तेहरानमध्ये भारतीय मुलीच्या डोक्यावर रुमाल लादला जाऊ नये, असे आपण म्हणतो. मग अमरावतीत सरावाला आलेल्या मुलीने क्रीडापोशाख न घालता पंजाबी ड्रेसच घालावा, असा आग्रह आपल्याला धरता येईल काय? धावण्यासाठी आखूड विजार, जलतरणासाठी पोहण्याचा वेश, नेमबाजीसाठी घट्ट विजार व कोट ही त्या त्या खेळाची गरज आहे. त्याकडे पाहून ज्याच्या मनात विकल्प येत असेल, त्याने आपल्या मनाची तक्रार आपल्या मनाकडेच करावी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद पटकावले, ते घरच्या आणि दारच्या अशा टोमण्यांना भीक घालून नव्हे.

म्हणून आक्षेपाची वर्गवारी केली पाहिजे. काही गोष्टी केवळ अभिरुचीच्या असतात. कोणाचे रंग भडक असतील, कोणाचे केस विचित्र कापलेले असतील. ते आपल्याला आवडले नाही तरी तो तक्रारीचा विषय नव्हे. काही गोष्टी खेळाच्या नियमात बसत नाहीत. त्या प्रशिक्षकाच्या नजरेस आणून देणे पुरेसे आहे. उरतात त्या अवमानाच्या गोष्टी : स्त्रीजातीला शिवी देणारा मजकूर, एखाद्या जातीला हिणवणारे शब्द, कमरेखाली वा पायात वापरलेले देवदेवतांचे चित्र, राष्ट्रध्वजाचा अनादर. खरी तक्रार करायची ती येथे. आणि हा निकष सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे. आपल्यापैकीच एखादा तरुण दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणारा टी-शर्ट घालून आला, तर त्यालाही तो बदलून यायला सांगण्याचे धैर्य आपल्यात असावे. हे धैर्य नसेल, तर आपली तक्रार तत्त्वाची राहत नाही, ती केवळ आपल्या बाजूची ठरते.

आणखी एक सावधगिरी वऱ्हाडाने तरी विसरू नये. फाटके वस्त्र आणि अवमानकारक वस्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि अमरावतीत चिरविश्रांती घेत असलेल्या गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचाच वेश होता. त्या वेशापुढे मोठमोठे धनवंत नतमस्तक झाले. स्पर्धेत ठिगळाची विजार चालत नाही, हा खेळाचा नियम आहे. परंतु खेड्यातून आलेला एखादा गुणी मुलगा तशा विजारीत सरावाला आला, तर त्याच्याविरुद्ध तक्रार न करता त्याला नवी विजार घेऊन देणे हे संस्काराचे लक्षण होय.

या विवेचनावर एक प्रश्न हमखास विचारला जाईल. ‘तेहरानची सक्ती नको म्हणता आणि येथे मात्र पोशाखाचा नियम मागता, ही विसंगती नव्हे काय?’ नव्हे. खेळाचा नियम स्त्री-पुरुष, हिंदू-मुसलमान असा भेद न करता सर्वांना सारखाच लागू असतो, तो खेळाच्या प्रयोजनातून आलेला असतो आणि त्या खेळात येणारा तो स्वेच्छेने मान्य करतो. तेहरानची सक्ती केवळ स्त्रियांवर होती, ती एका धर्माच्या आज्ञेतून आलेली होती आणि पाहुण्यांवरही राज्यसत्तेच्या बळाने लादलेली होती. दोन्हींना ‘ड्रेस कोड’ हे एकच नाव दिले, म्हणून त्या एकच होत नाहीत.

क्षमायाचना कशी मिळाली?

परदेशस्थ हिंदू समाजाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील अमेरिकन ईगल या कंपनीने गणपतीचे चित्र असलेल्या चपला विक्रीस आणल्या. तेथील हिंदूंनी निषेध नोंदवला आणि कंपनीने त्या मागे घेतल्या. २००४ मध्ये रोबेर्तो कावाल्ली या इटालियन वेशकाराने देवप्रतिमा छापलेली अंतर्वस्त्रे व पोहण्याचे कपडे काढले आणि लंडनच्या हॅरॉड्स या प्रतिष्ठित दुकानात ते विक्रीस आले. ब्रिटनमधील हिंदूंनी आक्षेप घेताच ते कपडे हटवण्यात आले आणि दिलगिरीही व्यक्त झाली. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील लिसा ब्ल्यू या कंपनीने लक्ष्मीचे चित्र असलेला पोहण्याचा वेश सादर केला. त्या कंपनीलाही माफी मागावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये अॅमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तिरंग्याच्या रंगांतील पायपुसणी विकली जात असल्याचे एका नागरिकाने तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या निदर्शनास आणून दिले. सुषमाजींनी खडसावताच ती पायपुसणी हटली.

या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. त्यातील ग्राहकाने वस्तू कोणती, ती कोठे विकली जाते आणि तीत आक्षेपार्ह काय, हे नेमके सांगितले. विकणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा दुष्ट नसतो. तो अज्ञानी असतो आणि नफ्याच्या मागे असतो. अज्ञान समजावून सांगितल्याने दूर होते, आणि नफ्याला ग्राहक गमावण्याची भीती पुरते. आपला कायदाही हा फरक जाणतो. भारतीय दंड संहितेत १९२७ मध्ये घातलेले कलम २९५ अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे, ते धर्मभावना दुखावण्याचा हेतुपुरस्सर व दुष्ट उद्देश सिद्ध झाल्यावरच लागू होते. प्रत्येक टी-शर्टसाठी पोलीस ठाण्याकडे धावणे म्हणजे हे शस्त्र बोथट करणे होय.

राष्ट्रध्वजाबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा आहे. २००५ च्या दुरुस्तीने कमरेच्या वर, गणवेशाचा भाग म्हणून तिरंगा सन्मानपूर्वक धारण करण्यास वाट मोकळी झाली. कमरेखालच्या वस्त्रावर, उशीवर, हातरुमालावर वा अंतर्वस्त्रावर तो छापणे मात्र गुन्हाच राहिला आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी मंदिरा बेदी यांनी सहभागी देशांच्या ध्वजांची साडी नेसली. तीत तिरंगा पायांच्या बाजूला आला होता. टीका होताच त्यांनी क्षमा मागितली. अशा वेळी क्षमा स्वीकारून विषय संपवणे हेही सुसंस्कृतपणाचेच लक्षण आहे.

आधी आपले घर

लंडनच्या हॅरॉड्सवर आपण रागावतो, पण आपल्या घराकडे पाहतो का? दिवाळीत लक्ष्मीचे चित्र असलेल्या फटाक्याच्या चिंध्या आपल्याच अंगणात पायदळी पडतात. देवाचे चित्र छापलेल्या पिशवीतून आपण किराणा आणतो आणि ती फाटली की उकिरड्यावर टाकतो. लग्नपत्रिकेवरील गणपती महिनाभरात रद्दीत जातो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणाऱ्या कावडी हे वऱ्हाडाचे वैभव आहे. पण मिरवणुकीसाठी घातलेल्या टी-शर्टवर महादेवाची मुद्रा असेल, तर पुढे त्या टी-शर्टचे काय होते? तो जुना झाला की त्याने दुचाकी पुसली जात नाही ना, किंवा त्याचे घरातले पोतेरे होत नाही ना, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. शिवछत्रपतींची प्रतिमा अंगावर मिरवणाऱ्या तरुणाने तोंडात गुटखा धरावा, यासारखी विटंबना दुसरी कोणती?

ज्याच्या घरात हा विवेक पाळला जातो, त्याच्या तक्रारीला धार येते. ज्याच्या घरात पाळला जात नाही, त्याला समोरचा दुकानदार एकाच प्रश्नात निरुत्तर करतो.

वेशाचा अभिमान आणि वेशाचा विवेक या दोहोंचा संस्कार स्वयंसेवकांना नवा नाही. १९४० मध्ये इंग्रज सरकारच्या निर्बंधांमुळे संघाच्या गणवेशातील खाकी सदऱ्याच्या जागी पांढरा सदरा आला. २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी अर्ध्या विजारीची जागा तपकिरी पूर्ण विजारीने घेतली. गणवेश बदलला, शिस्त बदलली नाही. वस्त्र हे साधन आहे आणि त्यामागचा भाव हे साध्य, हे आपण कृतीने दाखवले आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. ज्या भूमीत आखाड्याच्या तांबड्या मातीत पादत्राण घालून कोणी उतरत नाही आणि त्यासाठी फलकही लावावा लागत नाही, त्या भूमीला क्रीडांगणाची मर्यादा परक्याकडून शिकण्याची गरज नाही. नेमबाजीचे मैदान हा त्याच आखाड्याचा नवा अवतार आहे.

तक्रार अशी करावी

आता पुन्हा त्या पित्याकडे वळू. पहिली गोष्ट, मैदानावर सराव सुरू असताना त्याने आवाज चढवू नये. हा केवळ सौजन्याचा भाग नाही, सुरक्षेचाही आहे. जेथे शेजारीशेजारी बंदुका भरलेल्या आहेत आणि ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ या आज्ञांवाचून कोणी हलायचे नसते, तेथे भांडण म्हणजे अपघाताला निमंत्रण. त्याने सराव संपण्याची वाट पाहावी.

मग प्रशिक्षकाशी चार शब्द शांतपणे बोलावे. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात, कारण तरुणाला आपण काय घातले आहे याची जाणीवच नसते. मिटले नाही तर केंद्राच्या चालकाला पत्र लिहावे. पत्रात दिनांक असावा, आक्षेप एकच असावा, खेळाचा नियम उद्धृत केलेला असावा आणि मागणी करता येण्याजोगी असावी : प्रवेशद्वारावर पोशाखाच्या नियमांचा फलक लावावा आणि प्रवेश-अर्जातच तो नियम छापावा. त्या तरुणाचे नाव, त्याची जात, त्याचे घराणे यांचा उल्लेखही पत्रात नको. आक्षेप कपड्यावरच्या मजकुराला आहे, माणसाला नाही. त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअॅपवर फिरवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तो मुलगा कदाचित उद्या आपल्याच शाखेत येणार असेल, कदाचित देशासाठी पदक आणणार असेल.

पंधरा दिवस वाट पाहावी. उत्तर आले नाही तर इतर पालकांच्या सह्या घ्याव्यात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी किंवा जिल्ह्यातील नेमबाजी संघटना यांच्याकडे जावे. एवढ्यानेही काही झाले नाही तर शुल्क भरणे थांबवून दुसरे केंद्र निवडावे आणि त्याचे कारण लेखी कळवावे. ग्राहकाच्या हाती असलेले हे सर्वांत मोठे शस्त्र आहे आणि ते चालवताना कोणाचे एक काचही फुटत नाही.

कोणी म्हणेल, इतक्या सावकाश मार्गाने समाज जागा होत नाही. त्यांना अकोल्याच्याच इतिहासाकडे बोट दाखवावे लागेल. १९३० मध्ये आद्य सरसंघचालक डॉ. हेडगेवार यवतमाळच्या जंगल सत्याग्रहात सहभागी झाले. जाण्यापूर्वी त्यांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवली. त्यांनी कायदा मोडला तो दिवसाउजेडी, जाहीरपणे, स्वतःच्या नावाने. त्याची नऊ महिन्यांची शिक्षा त्यांनी अकोल्याच्या कारागृहात भोगली. परकीय सत्तेशी लढतानाही डॉक्टरांनी तोंड लपवले नाही. मग स्वतंत्र देशातील आपल्याच गावच्या एका क्रीडाकेंद्राशी बोलताना गर्दीच्या आडून दगड मारण्याची गरज कोणाला का वाटावी?

मौन बाळगणाऱ्यांचा समाज निर्जीव होतो आणि दगड मारणाऱ्यांचा समाज आंधळा होतो. आपल्याला या दोहोंपैकी एकही व्हायचे नाही. नेमबाज ट्रिगर ओढण्यापूर्वी क्षणभर श्वास थांबवतो आणि नेम डळमळीत वाटला तर बंदूक खाली घेऊन पुन्हा सुरुवात करतो. आक्षेप घेणाऱ्याने हीच सवय लावून घ्यावी. जे खटकले ते खरोखर अवमानाचे आहे की केवळ आपल्याला न आवडलेले आहे, एवढे एकदा स्वतःला विचारावे. उत्तर ‘अवमान’ असे आले, तर मग मात्र गप्प बसू नये. कागद घ्यावा, लिहावे, खाली आपले नाव लिहून सही करावी आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. मुलीच्या शेजारची जागा स्वच्छ राहावी यासाठी एवढे करणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे.